सांगावा आणणाराच कारभारी

फ्लूचा ताप चढतो तेव्हा अंग मोडून येते, सांधे ठणकतात, डोके जड होते, अन्नावरची वासना उडते. हे सगळे विषाणूच करतो असे आपण धरून चालतो. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत हेपटायटिस सी या यकृताच्या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत, आणि सुई टोचल्यावर काही तासांतच अनेक रुग्णांना अगदी असाच ताप भरे, अशीच कणकण येई. त्यांच्या अंगात फ्लूचा एकही विषाणू नसे. म्हणजे तापातल्या आपल्या दुखण्याचा मोठा वाटा विषाणूच्या माऱ्याचा नसतो, तो शरीराने स्वतःच पिटलेल्या दवंडीचा असतो. एका पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते. ती शेजारच्या पेशींवर जाऊन धडकतात आणि त्या पेशी, विषाणू दारात येण्याआधीच, आपली शेकडो जनुके जागी करून लढ्याच्या तयारीला लागतात. दवंडी ऐकू येते पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर आणि जनुके असतात आत, केंद्रकाच्या कोटात. मधले अंतर कोण कापते, आणि तेही काही मिनिटांत, हा या लेखाचा विषय आहे.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ सालचा. लंडनच्या मिल हिल भागातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमन एका जुन्या कोड्याच्या मागे होते. एका विषाणूची लागण झालेल्या पेशींना दुसऱ्या विषाणूची लागण सहसा होत नाही, असे का? त्यांनी कोंबडीच्या उबवत ठेवलेल्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले, उष्णता देऊन निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ते एका द्रवात ठेवले आणि नंतर नुसता तो द्रव पडद्याच्या ताज्या तुकड्यांवर घातला. ताज्या तुकड्यांनी निकामी विषाणू पाहिलेलाही नव्हता. तरी जिवंत फ्लू विषाणू त्यांच्यात नीट वाढेना. द्रवात पेशींनीच सोडलेले काहीतरी होते. विषाणूंच्या कामात 'इंटरफिअर' करणारे, म्हणून त्याचे नाव इंटरफेरॉन. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनाही १९५४ च्या सुमारास सशाच्या त्वचेवरच्या प्रयोगांत विषाणूला रोखणारा असाच एक घटक दिसला होता. त्यांच्या कामाची दखल पुष्कळ उशिरा घेतली गेली, आणि ती घेतली जायला हवीच होती.

लवकरच एक गोष्ट स्पष्ट झाली. इंटरफेरॉन विषाणूला हातही लावत नाही. विषाणू आणि इंटरफेरॉन नुसते एकत्र ठेवले तर विषाणूचे काही बिघडत नाही; जे घडते ते पेशीच्या आत घडते. १९६० च्या दशकात असेही दिसले की डीएनएवरून आरएनए उतरवण्याची क्रिया औषधाने थांबवली तर इंटरफेरॉन देऊनही पेशी विषाणूला बळी पडते. याचा अर्थ पेशीला काही नवीन बनवावे लागते, आणि त्यासाठी एरवी निजलेली जनुके उघडावी लागतात. इथेच पेच होता. इंटरफेरॉन हे स्वतः प्रथिन. पेशीच्या तेलकट पटलातून ते सहज आत जात नाही. बाहेरचा संदेश जनुकांपर्यंत जाण्याच्या दोन तऱ्हा तोवर ठाऊक होत्या. स्टेरॉइड जातीची संप्रेरके पटलातून सरळ आत शिरतात आणि आतल्या एखाद्या प्रथिनाला घेऊन थेट डीएनएवर बसतात. अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके बाहेरच थांबतात, पण त्यांच्यामुळे पेशीत एका लहान रेणूचे प्रमाण वाढते. तो रेणू एका विकराला जागवतो, ते विकर दुसऱ्याला, आणि अशी हातोहात साखळी चालत जाते. इंटरफेरॉनची तऱ्हा या दुसऱ्या जातीची असेल असे मानणे अगदी स्वाभाविक होते.

ती तशी निघाली नाही, आणि त्या 'नाही'मध्येच या विषयाचे मर्म आहे. इंटरफेरॉनचा मार्ग साखळीचा नाही. पेशीच्या काठावर जे प्रथिन संदेश घेते, तेच प्रथिन चालत केंद्रकात जाते, डीएनएवर बसते आणि जनुक उघडते. सांगावा आणणारा आणि सांगाव्याप्रमाणे काम सुरू करणारा इथे एकच आहे. मध्ये कोणी कारकून नाही, कोणाची सही-शिक्का नाही. ही रचना केवळ सुटसुटीत आहे म्हणून नव्हे, तर विषाणूशी चाललेल्या शर्यतीत वेळ वाचवते म्हणून ती टिकून राहिली, आणि या मार्गाचे सगळे गुण व सगळे दोष तिच्यातूनच निघतात, असे मला वाटते. त्याचा पुरावा पाहू.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले जेम्स डार्नेल आणि त्यांचे सहकारी मागून पुढे न येता पुढून मागे गेले. बाहेरच्या दारापासून सुरुवात करण्याऐवजी त्यांनी १९८० च्या दशकात आधी इंटरफेरॉनमुळे उघडणारी जनुके शोधली, मग त्या जनुकांच्या अलीकडचा डीएनएचा तो तुकडा शोधला ज्यावर काहीतरी येऊन बसते, आणि मग त्या बसणाऱ्याचा माग काढला. अशा बसणाऱ्या प्रथिनांना प्रतिलेखन-घटक म्हणतात, कारण जनुकावरून आरएनएची नक्कल उतरवण्याचे काम ती सुरू करून देतात. पहिला महत्त्वाचा धागा असा की पेशीचे नवीन प्रथिने बनवणे औषधाने बंद केले तरीही ही जनुके इंटरफेरॉन दिल्यावर मिनिटांत जागी होत. तेव्हा त्यांना जागवणारा पेशीत आधीपासूनच तयार बसलेला असणार. तो कुठे बसलेला? १९८९ सालचा एक प्रयोग या प्रश्नाला सरळ भिडतो. पेशींमधून केंद्रकच काढून टाकले, आणि उरलेल्या केंद्रकहीन पेशींना इंटरफेरॉन दिले. त्यांच्यातही डीएनएला चिकटू शकणारा घटक जागा झाला. ज्या घरात जनुकेच उरलेली नाहीत तिथेही जनुके उघडणारा किल्ली परजून उभा राहिला. तो केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात वाट पाहत असतो याची यापेक्षा बोलकी साक्ष सापडणार नाही. पुढे या गटाने तो घटक शुद्ध करून त्याची प्रथिने वेगळी केली आणि १९९२ मध्ये ती जगापुढे ठेवली. त्यांना आज स्टॅट-१, स्टॅट-२ आणि आयआरएफ-९ म्हणतात. 'स्टॅट' हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे, आणि त्याचा अर्थ संकेत पुढे नेणारा व प्रतिलेखन सुरू करणारा, म्हणजे दोन्ही कामे एकाच्याच नावावर. डॉक्टर मंडळी 'ताबडतोब' या अर्थी कागदावर स्टॅट असेच लिहितात; हे नाव बसलेही अगदी चपखल.

स्टॅट-१ जागे होते म्हणजे नेमके काय होते? हे प्रथिन ७५० अमिनो आम्लांची माळ आहे. तिच्यातला ७०१ वा मणी टायरोसिनचा. इंटरफेरॉन आले की या एका मण्यावर फॉस्फेटचा एक गट चिकटवला जातो. स्टॅटच्या अंगावर एक खाच असते, आणि फॉस्फेट लागलेले टायरोसिन या खाचेत घट्ट बसते. म्हणून फॉस्फेट लागलेली दोन स्टॅट शेजारी आली की पहिल्याचे टायरोसिन दुसऱ्याच्या खाचेत आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या खाचेत अडकते, एकमेकांचे मनगट धरून उभे राहावे तसे. या जोडीचा आकारच असा की ती डीएनएला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरते. १९९३ मध्ये ७०१ व्या जागी टायरोसिन काढून फिनाइलअॅलॅनिन बसवलेले स्टॅट-१ करून पाहिले गेले. या दोन अमिनो आम्लांत फरक किती? ऑक्सिजनचा एक अणू. पण फॉस्फेट चिकटायला तीच जागा लागते. तेवढा एक अणू गेला आणि साडेसातशे मण्यांचे ते प्रथिन गॅमा या जातीच्या इंटरफेरॉनला बहिरे झाले. इतक्या बारीक जागेवर इतके मोठे काम टांगलेले असावे याचे मला आजही नवल वाटते.

फॉस्फेट चिकटवतो कोण, याचे उत्तर दुसऱ्याच वाटेने आले. लंडनमध्ये जॉर्ज स्टार्क आणि इयन कर यांच्या गटांनी रसायनाच्या मागे न लागता जनुकशास्त्राचा डाव टाकला. सँड्रा पेलेग्रिनी यांनी त्यासाठी एक खास पेशीवाण घडवले. इंटरफेरॉनमुळे उघडणाऱ्या एका जनुकाचा नियंत्रक तुकडा त्यांनी एका विकराच्या जनुकाला जोडला. हे विकर असे, की एका प्रकारच्या पोषणद्रवात त्याच्यावाचून पेशी जगत नाही आणि दुसऱ्या एका विषारी द्रवात त्याच्यामुळेच पेशी मरते. आता पेशींवर उत्परिवर्तन घडवणारे रसायन घालायचे, मग इंटरफेरॉन आणि विष एकत्र द्यायचे. ज्यांना इंटरफेरॉनचा सांगावा ऐकू येतो त्या विकर बनवतात आणि मरतात. बहिऱ्या झालेल्या तेवढ्या वाचतात. अशा बहिऱ्या पेशी गोळा करून प्रत्येकीत काय तुटले आहे ते शोधले की मार्गातला एकेक दुवा हाती येतो. पहिल्या बहिऱ्या पेशींत निरोगी माणसाचा डीएनए घालून त्यांना पुन्हा ऐकू येईल असे केले, आणि १९९२ मध्ये कळले की त्यांच्यात टिक-२ नावाचे विकर नव्हते. दुसऱ्या एका गटात जॅक-१ नव्हते, आणखी एकात जॅक-२. काहींत स्टॅट-१ नव्हते, काहींत स्टॅट-२, काहींत आयआरएफ-९, तर एका गटात इंटरफेरॉन ज्यावर येऊन बसते तो दारावरचा ग्राहीच मोडला होता. जॅक कुटुंबाचे रेणू मेलबर्नमध्ये अँड्र्यू विल्क्स यांना १९८९ मध्ये सापडले होते, पण हे रेणू काय काम करतात ते कोणालाच ठाऊक नव्हते; कायनेज म्हणजे फॉस्फेट चिकटवणारे विकर, आणि 'आणखी एक कायनेज' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्यांना जॅक म्हणत. त्यांच्या अंगात कायनेजसारखे दिसणारे दोन भाग शेजारी शेजारी असतात, त्यामुळे पुढे दोन तोंडांच्या जानुस या रोमन देवाचे नाव त्यांना लागले.

सारे जुळवल्यावर चित्र असे दिसते. अल्फा किंवा बीटा इंटरफेरॉनचा एक रेणू पेशीपटलावरच्या दोन ग्राहींना एकत्र ओढतो. एका ग्राहीच्या आतल्या टोकाला टिक-२ बिलगलेले असते, दुसऱ्याच्या टोकाला जॅक-१. ग्राही जवळ आले की ही दोन विकरे एकमेकांना जागे करतात आणि ग्राहीच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात. त्या फॉस्फेटला स्टॅट येऊन बिलगते, तिथेच त्याला स्वतःचे फॉस्फेट मिळते, ते सुटते, जोडी जमवते आणि केंद्रकाच्या वेशीतून आत जाते. न्यूयॉर्ककर जनुकाकडून मागे येत होते, लंडनकर बहिऱ्या पेशींकडून. दोघांची हत्यारे वेगळी, चुकण्याच्या जागाही वेगळ्या. तरी दोघे मोजक्याच त्याच त्या प्रथिनांपाशी येऊन थांबले. एकाच पद्धतीच्या दहा प्रयोगांपेक्षा अशा दोन परक्या साक्षीदारांचे एकमत मला जास्त भरवशाचे वाटते. फ्लूचा विषाणू पेशीत शिरल्यापासून सहा-आठ तासांत त्याची पिल्ले बाहेर पडू लागतात. जनुक उघडल्यावर आरएनए उतरवायला, त्यावरून प्रथिने रचायला आणि ती पुरेशी साठायला तास लागतात, आणि त्यात काटकसर करता येत नाही. वाचवता येतो तो फक्त सुरुवातीचा वेळ, आणि या मार्गाने तो मिनिटांवर आणला आहे.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. मार्ग इतका आखूड असेल तर निरनिराळे संदेश निरनिराळे राहतात कसे? मुख्यतः विषाणूंची दवंडी पिटणारे अल्फा इंटरफेरॉनही स्टॅट-१ वापरते आणि क्षयासारख्या जंतूंविरुद्धचे गॅमा इंटरफेरॉनही. मग पेशीला कळते कसे की दवंडी विषाणूची आहे की क्षयाच्या जंतूची? उत्तर जोडीदारात आहे. गॅमा आले की स्टॅट-१ ची स्टॅट-१ शीच जोडी जमते. ही सममित जोडी डीएनएवरचा सममित शब्द वाचते: टीटीसी, मध्ये कोणतीही तीन अक्षरे, मग जीएए. अल्फा आले की स्टॅट-१ चा हात स्टॅट-२ धरते आणि दोघे आयआरएफ-९ ला सोबत घेतात. हे तिसरे प्रथिन डीएनएवरचा वेगळाच शब्द ओळखते, म्हणून वेगळी जनुके उघडतात. याची साक्ष माणसांतच मिळाली. २००१ मध्ये पॅरिसच्या जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने असे रुग्ण नोंदले ज्यांच्या स्टॅट-१ च्या एका प्रतीत ७०६ व्या जागी, म्हणजे त्या कळीच्या टायरोसिनपासून पाचच मणी पुढे, एक बदल होता. त्यांच्यात पहिली जोडी जमेना, तिघांचे त्रिकूट मात्र जमे. त्यांना क्षयाच्या कुळातल्या जंतूंचा त्रास झाला, विषाणूंचा विशेष झाला नाही. आणि २००३ मध्ये नोंदलेल्या ज्या दोन तान्ह्या बाळांत स्टॅट-१ अजिबातच काम करत नव्हते, ती दोन्ही आघाड्यांवर हरली. बीसीजीच्या लशीतला दुबळा जंतूही त्यांच्या अंगभर पसरला होता, आणि पुढे विषाणूंनी त्यांचा बळी घेतला. आपल्याकडे बाळ जन्मले की बीसीजी टोचतात; कोट्यवधी बाळे ती सहज पचवतात, ती या आखूड मार्गाच्या जोरावरही.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारांचा आहे: चित्र इतके सोपे नाही. हे खरे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. फॉस्फेट नसतानाही स्टॅट-१ पुष्कळदा जोडीनेच असते, फक्त उलट्या रीतीने धरलेल्या. म्हणजे एकटे रेणू पहिल्यांदाच भेटतात हे वर्णन ढोबळ ठरते, जुनी मिठी सोडून नवी घेतली जाते असे म्हणणे जास्त बरोबर. स्टॅट-१ च्या ७२७ व्या जागी सेरिन नावाचा मणी आहे. त्यावरही फॉस्फेट लागले तरच जनुक पूर्ण जोराने चालते, आणि ते दुसरीच विकरे लावतात. इंटरफेरॉनने पेशीतले इतरही संदेशमार्ग हलतात. शिवाय स्टॅट-१ चे जनुक स्वतः इंटरफेरॉननेच उघडते, त्यामुळे पेशीत स्टॅट-१ साठत जाते आणि पहिली लाट ओसरल्यावर फॉस्फेट नसलेले स्टॅटदेखील काही जनुके अनेक दिवस चालू ठेवते. हे सगळे खरे धरूनही मूळ मुद्दा उभा राहतो, कारण यातले कशानेही स्टॅटची जागा घेतलेली नाही. १९९६ मध्ये स्टॅट-१ काढून टाकलेले उंदीर दोन स्वतंत्र गटांनी तयार केले. ते जन्मले, नीट वाढले, पण इंटरफेरॉनला जवळजवळ दाद देईनात आणि साध्या विषाणूंनीही मरू लागले. बाकीचे मार्ग त्यांच्यात शाबूत होते. त्यांना ती उणीव भरून काढता आली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. साखळी लांब असेल तर एक कडी तुटल्यावर बाजूने वाट काढता येते. इथे सगळा भार दोन-चार प्रथिनांवर; शत्रूने नेमकी तीच गाठली तर? विषाणू तेच करतात, आणि ज्या चिकाटीने करतात तीच मला या मार्गाच्या मोलाची सर्वांत मोठी पावती वाटते. गालगुंडाचा विषाणू स्टॅट-१ ला पेशीच्या कचराकुंडीत धाडतो. निपाहचा विषाणू स्टॅटना धरून ठेवतो, केंद्रकाकडे सोडत नाही. इबोलाचे एक प्रथिन स्टॅटला वेशीतून आत नेणाऱ्या वाहकावरच जाऊन बसते. कोविडच्या विषाणूचे ओआरएफ-६ हे प्रथिन केंद्रकाच्या छिद्रालाच अडथळा करते. देवी निर्मूलनाच्या लशीत वापरलेला व्हॅक्सिनिया विषाणू स्टॅट-१ वरचे फॉस्फेट उतरवणारे विकर आपल्याबरोबर बांधून आणतो. विषाणूंची जनुके मोजकी असतात, प्रत्येकाची जागा मोलाची. निरनिराळ्या कुळांतल्या विषाणूंनी त्या तुटपुंज्या भांडवलातून या एकाच वाटेवर नाकेबंदी करण्यासाठी खर्च करावा, हे उगाच घडत नाही.

यातला डेंग्यूचा दाखला आपल्या फार जवळचा आहे. डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-५ हे प्रथिन विषाणूचा आरएनए उतरवण्याचे काम करते, आणि फावल्या हाताने माणसाचे स्टॅट-२ पकडून त्याचा नाश घडवून आणते. झिकाचे एनएस-५ ही तेच करते. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात बेलसर गावी २०२१ मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तो विषाणू याच कुळातला. पण उंदराच्या स्टॅट-२ ची घडण थोडी निराळी आहे, आणि ते या प्रथिनाच्या हाती लागत नाही. परिणाम असा की साध्या, धडधाकट उंदराला डेंग्यू नीट होतच नाही. औषध किंवा लस तपासण्यासाठी ज्या उंदरांवर प्रयोग करतात त्यांच्यातले इंटरफेरॉनचे ग्राही सहसा मुद्दाम काढून टाकलेले असतात. एका प्रथिनाच्या पृष्ठभागावरच्या एवढ्याशा फरकाने एका प्राण्याला जवळजवळ अभय मिळावे आणि दुसऱ्याला दर पावसाळ्यात दवाखान्याची वाट धरावी लागावी, यावरून विषाणूने हेरलेली जागा किती अचूक आहे ते कळते. आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. मार्ग आखूड म्हणून नाजूक आहे, हे कबूल. पण पेशी आपला सगळा डाव स्वतःपुरता लावत नाही. जिच्यात विषाणू शिरला तिचे स्टॅट विषाणू मोडतो. शेजारणीत तो अजून पोचलेला नसतो, तिचे स्टॅट शाबूत असते, आणि दवंडी तिच्यासाठीच असते.

वेगाने चालू होणारी गोष्ट वेगाने बंदही व्हावी लागते, आणि या बाजूकडे सामान्य वर्णनांत फार दुर्लक्ष होते. केंद्रकात गेलेल्या स्टॅट-१ वरचे फॉस्फेट तिथलेच एक विकर उतरवते, मिठी सुटते, रेणू पुन्हा पेशीद्रवात येतो आणि दारावर इंटरफेरॉन अजून असेल तर पुन्हा फॉस्फेट घेऊन आत जातो. त्यामुळे केंद्रकातल्या स्टॅटची संख्या बाहेर दवंडी चालू आहे की थांबली याची सतत ताजी मोजदाद ठेवते. शिवाय स्टॅट जी जनुके उघडते त्यांत सॉक्स-१ नावाच्या प्रथिनाचेही जनुक असते, आणि सॉक्स-१ जाऊन जॅकलाच आवरते. हे ब्रेक १९९७ मध्ये सापडले. सॉक्स-१ नसलेले उंदीर जन्मतात, पण तीन आठवड्यांच्या आतच दाहाने मरतात; त्यांच्यातले गॅमा इंटरफेरॉनही काढून टाकले तर वाचतात. विषाणू नसताना नुसत्या न थांबलेल्या सांगाव्याने त्यांचा जीव जातो. माणसांत २०११ पासून नोंदलेला एक विकार याच्याशी नाते सांगतो. त्यात स्टॅट-१ मधल्या बदलामुळे त्यावरचे फॉस्फेट उतरायला उशीर लागतो किंवा पेशीत स्टॅट-१ चे प्रमाणच वाढलेले असते. अशा मुलांच्या तोंडात बुरशीचा पांढरा थर सारखा येत राहतो, आणि पुष्कळांचे शरीर स्वतःवरच उलटते. त्यांच्यापैकी अनेकांना जॅकला दाबणाऱ्या गोळ्यांनी आराम पडला. याच जातीची औषधे आता संधिवातात आणि केस गळून चकत्या पडण्याच्या आजारात वापरली जातात. रक्ताच्या एका कर्करोगासारख्या आजारासाठी रुक्सोलिटिनिबला अमेरिकेत २०११ मध्ये, आणि संधिवातासाठी टोफासिटिनिबला २०१२ मध्ये परवानगी मिळाली. अशी गोळी घेणाऱ्याला नागीण उठण्याचा धोका वाढतो, कारण दाबला जातो तो मार्ग विषाणूंना अडवण्याचाही मार्ग आहे.

कोविडच्या काळात या दोन्ही बाजू एकाच आजारात दिसल्या. कासानोव्हा यांच्या गटाने २०२० मध्ये अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा १०१ जणांच्या रक्तात त्यांच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणहीन लागण झालेल्या ६६३ जणांत अशी प्रतिपिंडे एकातही नव्हती. त्या रुग्णांच्या पेशींत जॅक होते, स्टॅट होते, जनुके होती, पण दवंडी वाटेतच विझत होती. म्हणून बाहेरून इंटरफेरॉन दिले तर? रुग्णालयात दाखल झालेल्यांना, म्हणजे आजाराला बरेच दिवस उलटल्यावर, बीटा इंटरफेरॉन देऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. उलट ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत अशाच दाखल रुग्णांना जॅकला आवरणारे बॅरिसिटिनिब दिले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आणि ब्राझील व कॅनडातल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्यातच लॅम्डा या आणखी एका जातीच्या इंटरफेरॉनचे एकच इंजेक्शन दिले. रुग्णालयात भरती व्हावे लागलेल्यांचे, किंवा तातडीच्या कक्षात लांबलचक देखरेखीखाली राहावे लागलेल्यांचे प्रमाण ५.६ टक्क्यांऐवजी २.७ टक्के राहिले. एकाच मार्गाला पहिल्या आठवड्यात चालना देणे उपयोगी पडले आणि नंतर लगाम घालणे. लॅम्डाचा ग्राही अल्फाच्या ग्राहीपेक्षा वेगळा असतो, पण त्याच्या आतल्या टोकाला तेच जॅक-१ आणि टिक-२ बिलगलेले असतात, आणि पुढे तेच स्टॅट-१, स्टॅट-२ व आयआरएफ-९ चे त्रिकूट केंद्रकात जाते. फरक एवढाच की हा ग्राही मुख्यतः श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तरासारख्या पेशींवर असतो, अंगभर नसतो. म्हणून त्याच्या इंजेक्शनानंतर हेपटायटिसच्या रुग्णांना भरे तसा हुडहुडीचा ताप फारसा येत नाही.